पक्ष्यांच्या शिकारीचा ‘सीझन’ आपल्याकडे असतो का? कुत्रा, कॅमेरा आणि पालीच्या शेतातली सकाळ

सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की इन्स्टाग्रामवर एका ठरावीक प्रकारचे रील्स दिसायला लागतात. धुक्यातलं गवताळ रान, पुढे एक पाय उचलून पुतळ्यासारखा उभा राहिलेला कुत्रा, मागे खांद्यावर बंदूक घेतलेला माणूस. मग पंखांची फडफड, एक आवाज आणि तोंडात पक्षी धरून मालकाकडे धावत येणारा तोच कुत्रा. खाली लाखभर लाइक्स. व्हिडिओ असतो अमेरिकेतला नाहीतर स्कॉटलंडमधला, पण अशा रील्सखाली मराठीतही एक प्रश्न येतो, ‘आपल्याकडे सीझन कधी असतो?’

प्रश्न साधा वाटतो. पण रायगड जिल्ह्यात, विशेषतः पाली-सुधागडच्या पट्ट्यात, तो नुसता गमतीचा राहत नाही. गेल्या काही वर्षांत इथे फार्महाऊस वाढली, वीकेंडला मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी सोबत कुत्रे आणतात, कुणाच्या गाडीत एअरगनही असते. गावातल्या पोराच्या खिशात बेचकी असतेच. आणि मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात. यातून निघालेला एखादा फोटो स्टेटसला लावला की प्रकरण कुठपर्यंत जाऊ शकतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

थोडक्यात उत्तर

भारतात पक्ष्यांच्या शिकारीचा कुठलाही सीझन नाही. हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात नाही, स्वतःच्या शेतात नाही, परवाना काढूनही नाही. लावा, तितर, रानकोंबडा, बदक, बगळा, होला, यातला कुठलाही रानपक्षी छंद म्हणून मारणं हा गुन्हा आहे. बंदूक वापरली, बेचकी वापरली की फासा लावला, याने फरक पडत नाही.

पण सीझन कधीच नव्हता असं मात्र नाही. होता, आणि तो संपायला जवळपास शंभर वर्षं लागली.

तिकडे ‘सीझन’ म्हणजे नेमकं काय?

परदेशात सीझन म्हणजे शिकारीला मोकळं रान, असा आपला समज असतो. खरं तर सीझन ही बंदीच आहे, फक्त वर्षातल्या काही महिन्यांपुरती उठवलेली. अंडी घालण्याच्या, पिल्लं वाढवण्याच्या काळात शिकार बंद. पिल्लं मोठी झाली की ठरलेल्या तारखेला सुरू, ठरलेल्या तारखेला पुन्हा बंद. ब्रिटनमध्ये ग्राउस नावाच्या पक्ष्याची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि १० डिसेंबरला थांबते. इंग्लंडमध्ये फेझंटसाठी १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. अमेरिकेत तारखा राज्यागणिक आणि पक्ष्यागणिक बदलतात, एका दिवसात किती पक्षी मारायचे याचीही मर्यादा असते. बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं. १९३४ पासून चालत आलेल्या या ‘डक स्टॅम्प’चा पैसा पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यासाठी वापरला जातो.

हे शहाणपण त्यांना फुकटात आलेलं नाही. प्रवासी कबुतर नावाचा पक्षी उत्तर अमेरिकेत अब्जावधींच्या संख्येने होता. त्यातलं शेवटचं ‘मार्था’ १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्यानंतर चार वर्षांनी, १९१८ मध्ये, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी कडक कायदा झाला.

आता त्या रीलमधल्या कुत्र्याविषयी. एक पाय उचलून उभा राहतो तो पॉइंटर. पक्षी कुठे दडलाय हे तो नाक आणि शरीर त्या दिशेला रोखून दाखवतो. सेटर पक्ष्याचा वास आला की दबून बसतो. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उडवतो. आणि रिट्रीव्हर पडलेला पक्षी दात न रुतवता उचलून आणतो. गोल्डन रिट्रीव्हर ही जात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराने याच कामासाठी तयार केली. लॅब्रेडॉर मूळचा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा कुत्रा, पुढे ब्रिटिश सरदारांनी त्याला बदकं आणायला लावलं. तुमच्या सोसायटीतला लॅब्रेडॉर चप्पल तोंडात धरून, तिला ओरखडाही न उमटवता, दारापर्यंत का आणून देतो याचं उत्तर इथे आहे. ते वळण रक्तातच आहे. त्याला मोकळ्या शेतात सोडल्यावर तो काय करणार, हे मालकाला आधीच कळायला हवं, ते म्हणूनच.

आपल्याकडचा सीझन

पालीच्या आसपास भात कापून झालं की शेतात ओल उरते. त्या ओलीवर वाल टाकतात, पुढे त्याच वालाच्या शेंगांची पोपटी लागते. याच काळात उत्तरेकडून आलेला एक पक्षी या चिखलात उतरतो, तो पाणलावा. लांब चोच, मातीच्या रंगाचं अंग. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही आणि उडाला की वेडावाकडा, नागमोडी उडतो. इंग्रजीत तो स्नाइप. त्याला उडताना टिपणं इतकं अवघड की अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये पाणलाव्यांवर नेम धरण्यासाठी एक क्रियापदच रुळलं. त्यातूनच पुढे ‘स्नायपर’ हा शब्द आला. आज युद्धाच्या बातम्यांत येणारा हा शब्द मूळचा भाताच्या चिखलातला आहे.

ब्रिटिश साहेबाचं वर्ष शिकारीभोवती फिरायचं. पाऊस संपला की पाणलावे आणि बदकं, मग तितर-लावे, उन्हाळ्यात वाघ. संस्थानिकही मागे नव्हते. मुरुड-रोह्याकडचं फणसाडचं जंगल हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. तेच पुढे १९८६ मध्ये अभयारण्य झालं. आज जिथे आपण तिकीट काढून पक्षी बघायला जातो, त्यातल्या बऱ्याच जागा टिकल्या त्या कुणाच्या तरी शिकारीसाठी राखून ठेवल्या होत्या म्हणून. ही गोष्ट पर्यावरणप्रेमींना जराशी अवघड वाटते, पण खरी आहे.

शिकार किती व्हायची? राजस्थानातल्या भरतपूरला शिकारींची नोंद दगडावर कोरून ठेवली आहे. त्यात १२ नोव्हेंबर १९३८ ची ओळ वाचून आजही माणूस थबकतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

कायदे हळूहळू आले. १८८७ मध्ये रानपक्ष्यांसाठी पहिला देशव्यापी कायदा झाला, पण त्याचा जोर शहरांत आणि छावण्यांत विणीच्या काळात मारलेले पक्षी बाळगण्या-विकण्यावर होता. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना बंद काळ ठरवायचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा केला. आणि १९७२ मध्ये आजचा वन्यजीव संरक्षण कायदा आला.

आता गंमत बघा. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. लहान शिकारीसाठी, म्हणजे त्यात पक्षीही आले, परवाना मिळायचा. बंद काळ पाळायचा, रात्री शिकार करायची नाही, गाडीतून करायची नाही, गवताला आग लावून करायची नाही, अशा अटी होत्या. एक अट कुत्र्यांबद्दल होती. कुत्र्यांच्या मदतीने कुठलाही वन्यप्राणी मारायचा नाही, अपवाद फक्त पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावा. म्हणजे रीलमधलं ते दृश्य एके काळी आपल्याकडेही कायदेशीर होतं. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सगळी कलमंच काढून टाकली. सीझन संपला तो तिथे.

शेवटची मोठी दुरुस्ती २०२२ ची, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी गेली. त्या यादीत कावळा होता, त्यामुळे तो मारला तर कायदा आड येत नसे. आता तोही दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित. पितृपक्षात ज्याची वाट बघतो त्याला कायद्याने एवढ्या उशिरा ओळखलं.

किहीमचा मुलगा

शिकारीकडून पक्षीनिरीक्षणाकडे जाणारा रस्ता याच जिल्ह्यातून गेला, हे रायगडकरांनी अभिमानाने सांगावं असं आहे. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे ते वाढले. मामा शिकारी. सुट्टीत सगळं कुटुंब अलिबागजवळच्या किहीमला. भाच्याच्या हातात एअरगन आली आणि चिमण्या पडायला लागल्या. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची नाही, मग कुठली? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. आणि मुलाला कपाटं उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही या चिमणीच्या पडण्यावरूनच आहे.

पण ‘चिमणी मेली आणि त्याने बंदूक टाकली’ अशी जी गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते ती चुकीची आहे. सालिम अली पुढेही अनेक वर्षं अभ्यासासाठी नमुने म्हणून पक्षी मारत होते. त्या काळात पक्षीशास्त्र तसंच चालायचं. बदललं ते बघणं. १९३० मध्ये नोकरी नव्हती, किहीमच्या घरी राहायला आले, आणि जवळच्या झाडावरची सुगरणींची वसाहत महिनोन्‌महिने नुसती बघत बसले. त्यातून कळलं की सुगरणीचा नर एक घरटं अर्धवट बांधतो, मादीने ते पसंत केलं की पूर्ण करतो, ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. यासाठी एकही गोळी लागली नाही. लागली ती शिडी, वही आणि चिकाटी.

भरतपूरची ती शिकार झाली त्या दिवशी सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे भरतपूरचं राखीव रान वाचवण्यासाठी सर्वांत जास्त धडपड त्यांनीच केली. महाराष्ट्र सरकार २०२० पासून मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, १२ नोव्हेंबरपर्यंत पक्षी सप्ताह साजरा करतं. साहेबाच्या कॅलेंडरात बदकांची शिकार रंगात यायची ते हेच दिवस.

‘मी मारलं नाही, कुत्र्याने धरलं’

हा बचाव खूप ऐकू येतो. कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचली की तो किती तोकडा आहे ते कळतं. मारणं, विष घालणं ही शिकार आहेच. पण पकडणं, फासे किंवा सापळे लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं आणि कुत्र्यांकरवी पाठलाग करणं हीसुद्धा शिकारच. एवढंच नाही, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं म्हणजेही शिकार. पक्षी हाती लागलाच पाहिजे असं नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अंड्यांचं नुकसान करणं, अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं, हेही याच व्याख्येत येतं. हे वाक्य फोटोग्राफरांनी दोनदा वाचावं.

तुमच्या कुत्र्याने मालकाच्या हातातून निसटून झुडपातली पाणकोंबडी धरली, तर तुम्ही लगेच शिकारी ठरत नाही. हेतू काय होता हा प्रश्न येतोच. पण ‘छू’ म्हणून सोडलं, मागून शिट्ट्या मारल्या, आणि हे सगळं ‘शाब्बास रे वाघा’ या आवाजासकट रेकॉर्ड करून टाकलं, तर हेतूचा पुरावा तुम्हीच तयार केलात. अपलोडही तुम्हीच केलात.

शिक्षा किती? साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, उदाहरणार्थ मोर, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं आणि किमान पंचवीस हजार दंड. शिकारीत वापरलेली बंदूक, सापळा आणि गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. पक्षी किंवा त्याचं मांस तुमच्या ताब्यात सापडलं तर ते तुमच्याकडे बेकायदा नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. नेहमीच्या गुन्ह्यांत असतं त्याच्या हे उलट आहे.

एअरगनबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. ठरावीक क्षमतेखालच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही, हे खरं. म्हणून तिने होला मारता येतो, हे खोटं. परवान्याची सूट बंदुकीला आहे, नेम कशावर धरायचा त्याला नाही. तसंच शेतातल्या रानडुकरांसाठी वनविभागाकडून जी परवानगी मिळू शकते ती पक्ष्यांना लागू होत नाही. ढाब्यावर ‘बटेर’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पाळलेला जपानी लावा असतो, कोंबडीसारखा फार्ममध्ये वाढवलेला. तो खाण्यात गुन्हा नाही. ‘आमच्याकडे रानातला आहे’ असं कुणी कानात सांगितलं तर मात्र उठून जावं.

वाडी आणि फार्महाऊस

सुधागड तालुक्यात कातकऱ्यांच्या अनेक वाड्या आहेत. कात पाडणं हा ज्यांचा धंदा होता, ज्यावरून जमातीला नाव मिळालं, त्यांच्या हातातून जंगल गेलं, धंदा गेला. केंद्र सरकारच्या यादीत ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे. भात कापल्यावर बिळातले उंदीर, ओहोळातले खेकडे-मासे, फाशात आलेला लावा, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं.

कायदा इथे सूट देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जमीन, गौण वनोपज असे बरेच हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. देशात शिकारीच्या हक्काला कायद्याने हात लावलेला नाही असा अपवाद निकोबार बेटांवरच्या जमातींचा.

तरीही दोन शिकारी एकाच पारड्यात टाकायला मन धजत नाही. पोटासाठी दोन लावे पकडणारा आणि वीकेंडला बिअरच्या कॅनसोबत मेलेला बगळा धरून सेल्फी काढणारा, दोघांवर कलम एकच लागतं. पण पहिल्याच्या हातात फासे सापडतात आणि तो पटकन पकडला जातो, दुसरा गाडीत बसून निघून जातो. सोशल मीडियावर ‘बघा हे लोक’ म्हणून वाडीतल्या पोराचा चेहरा व्हायरल करण्याआधी एवढा विचार व्हावा. शिवाय फासे कमी झाले म्हणून पक्षी वाढले असं इथे सरळ म्हणता येत नाही. दरवर्षी फेब्रुवारीपासून डोंगरांना लागणारे वणवे, भरून टाकलेल्या ओलिता, प्लॉटिंगसाठी सपाट केलेले माळ यांचा वाटा मोठा आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या चकोत्रीला, तितराला एक वणवा बेचकीपेक्षा कितीतरी भारी पडतो.

मग कुत्र्याला शेतात न्यायचंच नाही?

न्या की. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. पाखरू दाणे टिपतं, शिकारी पाखरू टिपतो आणि फोटोग्राफर क्षण टिपतो. तिसरं टिपणं मोकळं आहे, फक्त पहिल्यात व्यत्यय न आणता करायचं.

जागा आणि महिना आधी बघा. नोव्हेंबर ते जानेवारी, भात निघालेली शेतं, मागे सरसगडाचा सुळका आणि अंबा नदीवरचं धुकं. कुत्र्याच्या फोटोला यापेक्षा चांगला पडदा शोधून सापडणार नाही. शेत कुणाचं आहे ते विचारा. वाल पेरला असेल तर बांधावरून चाला, कोवळ्या रोपांवरून कुत्रा धावला तर शेतकऱ्याचा राग अगदी रास्त असतो. सूर्य उगवल्यावरच्या पहिल्या दीड-दोन तासांत उजेड तिरपा असतो, केसांच्या कडा चमकतात. गुडघ्यावर बसा, मोबाइल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. बहुतेकांचे फोटो सपाट येतात ते उभ्याने काढल्यामुळे. कुत्रा काळा असेल तर मोबाइलमध्ये उजेड थोडा वाढवा, पांढरा असेल तर कमी करा. कॅमेरा असेल तर धावत्या कुत्र्यासाठी शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

दोरी सोडू नका. पाच-सात मीटरची हलकी, लांब दोरी मिळते, तिच्यावर कुत्रा मनसोक्त धावतो आणि फोटोत ती नको असेल तर नंतर पुसून टाकता येते. पाण्याच्या कडेला, उंच गवतात आणि संध्याकाळी बगळे परतण्याच्या झाडांखाली तर ती हवीच. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून कुत्र्याचे कान टवकारायचे, हा प्रकार रील्समध्ये फार दिसतो. तो टाळा. खऱ्या पक्ष्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो.

मार्च ते जूनमध्ये मोकळ्या माळावर जास्त जपा. टिटवी तेव्हा उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये चार अंडी घालते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं जुनी माणसं सांगतात. ते खरं असो नसो, अंडी मात्र शोधूनही दिसत नाहीत इतकी दगडांसारखी असतात. टिटवी ओरडत कुत्र्याच्या डोक्यावर झेप घ्यायला लागली की समजा, घरटं पाच-पन्नास पावलांत आहे. तो व्हिडिओ कितीही भारी येत असला तरी आल्या वाटेने मागे फिरा. पिल्लं, घरटी, घुबडाची ढोली यांचे फोटो ठिकाणासकट टाकू नका.

फणसाड आणि कर्नाळा अभयारण्यांत कुत्रा नेऊ नका. तिथे प्रवेश आणि फोटोग्राफी दोन्ही वनविभागाच्या परवानगीने चालतात. २०२२ च्या दुरुस्तीत तर फोटोग्राफीबरोबर अधिवासात बदल न करण्याची अट शब्दांत लिहिली आहे. कुत्रा भुंकतो एवढाच मुद्दा नाही. त्याच्याकडून रोग जातात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांत आढळणारा विषाणू सापडला होता. उलटही होतं. कोकणातल्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा जंतू असतो, तो कुत्र्यालाही होतो आणि तुम्हालाही. म्हणून रेबीजबरोबर डिस्टेंपर आणि लेप्टोची लस दिल्याशिवाय कुत्र्याला भाताच्या खाचरात उतरवू नये. गवतात फुरसं असतं, तेही नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला लक्षात येत नाही.

शिकारीचा फोटो दिसला तर

पहिली गोष्ट, शेअर करू नका, निषेध म्हणूनही नाही. तुम्ही दहा ग्रुपवर टाकलात की टाकणारा पोस्ट उडवतो आणि मागे उरतो तो कुणी, कधी, कुठे काढला हे न सांगणारा फोटो. त्याऐवजी प्रोफाइलचं नाव, लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा, नाहीतर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. फोटो जुना किंवा भलत्याच राज्यातला नाही ना, हे इमेज सर्चवर आधी तपासा. नुसत्या स्क्रीनशॉटवर शिक्षा होत नाही. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार. पण चौकशी सुरू व्हायला फोटो पुरतो, आणि राज्यभरातून अशा पोस्टवरून पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात.

फोटोची ताकद किती असते ते नागालँडमध्ये दिसलं. २०१२ मध्ये दोयांग धरणाजवळ स्थलांतर करणारे अमूर ससाणे जाळी लावून पकडले जात होते. ‘कन्झर्व्हेशन इंडिया’ने त्याचं चित्रण बाहेर आणलं, रोज बारा ते चौदा हजार पक्षी मरत असल्याचा अंदाज मांडला. देशभर गहजब झाला. पण पुढचं काम गावकऱ्यांनी, चर्चने आणि वनविभागाने मिळून केलं, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथे शिकार थांबली. चित्रण करणाऱ्यांनी गावाला खलनायक ठरवलं असतं तर हे इतक्या लवकर झालं नसतं, असं मला वाटतं.

राहिला जखमी पक्षी. कुत्र्याने धरलेला असो वा मांज्यात अडकलेला, त्याला हवा जाईल अशा खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका आणि १९२६ ला फोन लावा. बरा होईपर्यंत घरी पाळू, असा विचार मनात येतो, मुलं तर हट्टच धरतात. पण जखमी रानपक्षी ही कायद्याने सरकारची मालमत्ता ठरू शकते, आणि अशी मालमत्ता हाती आली तर ४८ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे.